पन्नास टक्के उजेड

१३ मे, मंगळवार. वैशाख वद्य प्रतिपदा.

(इथले उत्तरेचे लोक आजपासून ज्येष्ठ लागला म्हणतात. म्हणोत. या घरात पंचांग आमचे मराठी चालते.)

सौ. शरदिनीचा पहिला किरणोपचार आज झाला. एकूण तीस व्हायचे आहेत, आठवड्यातून पाच. डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या : मध्ये खंड पडता कामा नये; गालाच्या व मानेच्या त्वचेला ऊन लागता कामा नये; तिथे काही घासता कामा नये. रुग्णालयात झाडूवालीपासून थेट वरपर्यंत सगळे या उपचाराला ‘सिकाई’ म्हणतात, जणू पापड भाजायचे आहेत.

मार्चमध्ये कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत तिच्या डाव्या जबड्याचा अर्धा भाग काढला आणि छातीची त्वचा गालाला लावली. कारण उघड आहे : तंबाखूचा विडा, पस्तीस वर्षे. या नगरीत जे तोंडात असते तेच भिंतीवर असते, जिन्यावर असते, देवळाच्या पायरीवर असते. मला त्याची आयुष्यभर किळस आली, आणि तेच माझ्या घरात शिरले. तिला पहिला विडा कोणी आणून दिला, असे आमच्या मुलीने, मुक्ताने, मागे एकदा विचारले होते. उत्तर मला माहीत आहे. इथे लिहिण्याची आवश्यकता वाटत नाही.

पंचगंगा घाटावरच्या आमच्या गल्लीत मोटार येत नाही. ती मैदागिनजवळच्या एका आवारात उभी असते. तिथपर्यंतची बारा मिनिटे शरदिनी चक्क घुंघट घेऊन चालली. माझ्या आईसमोरसुद्धा जिने कधी तोंड झाकले नाही, शेजारच्या घुंघटवाल्या मिसराइनला जी ‘अहो, श्वास कुठून घेता?’ म्हणून हसायची, ती! पदर घासू नये म्हणून दोन बोटांनी गालापासून दूर धरून चालत होती. मोटारीत बसल्यावर हात दुखला असावा, पदर सोडला.

लहुराबीरच्या चौकात गर्दी तुंबली. शेजारी उभ्या असलेल्या मोटारसायकलवरच्या एका इसमाने मान वळवून पानाची पिचकारी टाकली, ती थेट शरदिनीच्या काचेवर. तांबडे ओघळ काचेवरून खाली उतरताना मी पाहिले आणि मला शिसारी आली. मी उतरलो. म्हणालो, “महाशय, यह आपका पीकदान है?”

“अरे गुरु, गलती हो गयी,” म्हणत त्याने गळ्यातला गमछा काढला आणि काच पुसू लागला. पुसता पुसता जी जागा स्वच्छ झाली तिच्यातून त्याने आत पाहिले. हात थांबला. अर्धी काच तशीच सोडून, ‘राम राम राम’ असे पुटपुटत तो मागे सरला. निदान त्याला लाज वाटली, एवढे मान्य करायला हवे.

घरी आल्यावर शरदिनीने वहीत लिहून दिले (हल्ली ती बोलत नाही, रोज दहा मिनिटे उच्चारांचा सराव कर असे मी सांगितले आहे, ती करत नाही) : ‘गाडीला काळी काच लावा. नाही तर मला नेऊ नका.’

मी विचारले, “उन्हासाठी ना?”

तिने मान हलवली. मी ते ‘हो’ धरले.

१५ मे, गुरुवार

नियम मिळवून वाचले. पुढच्या व मागच्या काचेतून सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून पन्नास टक्के उजेड आत आला पाहिजे. त्याहून गडद काही चालत नाही. उष्णता अडवणारी आणि तरीही नियमात बसणारी पातळ फिल्म मिळते. म्हणजे प्रश्न सुटला.

संध्याकाळी मुक्ता बँकेतून परस्पर आली. आमची एकुलती एक. सिगऱ्याला राहते. म्हणाली, “बाबा, मलदहियाला लल्लन भैया आहे ना, त्याच्याकडे घेऊन जा. एका घंट्यात लावून देईल.”

“तासात.”

“तासात. पण जा.”

गेलो. त्या दुकानाचे वर्णन करताना लेखणीही धुवावीशी वाटते. उंबरठ्यापाशी वाळूने भरलेला डबा, त्यात तांबडा चिखल. लल्लन पन्नाशीचा, बनियनवर. तोंडात विडा असल्यामुळे हनुवटी आकाशाकडे करून बोलतो. ओठ जेमतेम बोटभर उघडतात. इतका आळस मी बोलण्यात कोणाचा पाहिला नाही.

“महादेव, गुरुजी! केतना करिया चाही?”

किती काळी हवी, असे तो विचारत होता. मी सांगितले : बाजूला पन्नास टक्के उजेड, पुढेमागे सत्तर.

तो हसला. हसतानाही तोंड उघडले नाही. “नियम वाला लगवाइएगा, त लगवाइएगा काहे?”

त्याच वेळी तो दुसऱ्या कोणाच्या मोटारीचे काम करत होता. फिल्मच्या मागचा पारदर्शक कागद सुटत नव्हता, तर या गृहस्थाने फिल्मचे टोक पुढच्या दातांत धरले, खेचले आणि तीच फिल्म काचेला लावली. त्या काचेमागे कोणाचे तरी मूल बसणार असेल.

मी नमस्कार केला आणि निघालो. उघडी जखम असलेल्या माणसाच्या शेजारी या तोंडाचे उष्टे मी चिकटवू देणार नाही. चाळीस वर्षे पाठशाळेत संस्कृत व्याकरण शिकवले आहे. जिथे नियम स्पष्ट आहेत असे कोणतेही काम मला अशक्य नाही. मुक्ताला सांगून फोनवरून सामान मागवले : फिल्मची गुंडाळी, रबरी पट्टी, पाते आणि फवाऱ्याची बाटली. तोवर शरदिनी पदर धरून येते आहे.

१८ मे, रविवार

पहाटे पाचला मैदागिनच्या आवारात गेलो, कारण वारा सुटण्यापूर्वी काम व्हायला हवे. काच साबणाच्या पाण्याने तीन वेळा धुतली. पात्याने खरवडली. त्या मोटारसायकलवाल्याच्या पिचकारीचा एक वाळका ठिपका रबराच्या खाचेत अजून होता. तो टाचणीने काढला.

सामानाबरोबर एक माहितीपत्रक आले आहे. हिंदी म्हणून जे छापले आहे ते हिंदी नाही, कोणतीच भाषा नाही. ‘काँच को साफ होना करें।’ ‘पानी को बाहर की ओर निचोड़ना करें।’ असे वाचून हात पुढे सरकेना. खिशातून पेन्सिल काढून दुरुस्त्या केल्या. एकूण अकरा झाल्या. मान वर केली तेव्हा काचेवरचे पाणी वाळून गेले होते. पुन्हा भिजवली.

पहिली पट्टी स्वतःलाच चिकटली. फेकली. दुसरी बरी बसली असे वाटले, तोच आवाराच्या रखवालदाराने, श्यामलालने, झाडू मारायला घेतला.

“श्यामलाल, ठहरो!”

“बस हो गया पंडितजी, दू मिनट,” असे म्हणून त्याने उरलेली धूळही उडवली.

मुक्ताचे केस वाळवण्याचे यंत्र आणले होते. त्याच्या गरम हवेने कडा बसतात म्हणे. एक कडा बसली, दुसरी आक्रसली. अकरा वाजेपर्यंत चारही काचा झाल्या. शरदिनीच्या बाजूला सत्तावीस फुगे, नऊ धूलिकण आणि एक केस. केस पांढरा आहे, म्हणजे माझाच. मागच्या काचेला हात लावला नाही.

काम गचाळ आहे. दुसऱ्याने केले असते तर मी परत पाठवले असते. मात्र नियमाप्रमाणे आहे, आणि त्याला कोणाची लाळ लागलेली नाही.

१९ मे, सोमवार

आज पाचवा. शरदिनीने मोटारीत बसण्यापूर्वी एक विचित्र गोष्ट केली. बाहेर उभी राहून तिने आपल्या बसण्याच्या जागेच्या काचेला कपाळ टेकवले आणि आतल्या रिकाम्या आसनाकडे पाहिले. मग तोंडाने, वहीत न लिहिता, म्हणाली, “दिसतंय की.”

फुगे असूनही! मला बरे वाटले. म्हणालो, “स्वच्छ दिसते ना? पन्नास टक्के उजेड आहे.”

ती बसली आणि पदर घेतला. जातायेता पूर्ण वेळ धरून होती. मी म्हणालो की आता ऊन लागत नाही, सोड. सोडला नाही. स्त्रियांना एखादी सवय लागली की ती सुटत नाही, एवढेच अनुमान निघते.

२१ मे, बुधवार

सातवा. परिचारिकेने मलाच झापले. हात थकला की पदर गालावर पडतो. त्याने जोडाजवळची त्वचा सोलवटली आहे. “कपड़ा मत रगड़िए, कितनी बार बोलें?”

संध्याकाळी मलम मी लावायला घेतले. घेतले, एवढेच. जोडापाशी ओल होती, वास होता, आणि ओठाचा डावा कोपरा मिटत नसल्यामुळे लाळेचा धागा हनुवटीपर्यंत आलेला. मी म्हणालो की माझे हात थरथरतात, मुक्ता येईल तेव्हा लावील. शरदिनीने नळी माझ्या हातातून घेतली आणि आरशासमोर स्वतः लावले.

माझे हात थरथरत नाहीत. शनिवारीच मी सुईत दोरा ओवला. दैनंदिनीत असत्य लिहायचे नसते म्हणून नोंदवतो.

हल्ली मी बाहेरच्या खोलीत जेवतो. तिथे पंखा आहे.

२२ मे, गुरुवार

आली नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. वहीत लिहिले : ‘काळी सांगितली होती.’

मी नियम समजावून सांगितला. आकडे सांगितले. तिने वही मिटली.

२३ मे, शुक्रवार

आजही नाही. रुग्णालयातून फोन आला. डॉक्टर तरुण आहेत, पण स्पष्ट बोलतात : “सर, दोन दिन का गैप हो गया। सोमवार को नहीं आयीं, तो जो ऑपरेशन में मिला है, वह भी जाएगा।”

दुपारी आवारात जाऊन शरदिनीच्या बाजूची फिल्म काढली. वाटले, फुग्यांमुळे नको म्हणत असेल, नीट लावू. फिल्म निघाली, डिंक निघाला नाही. पाते चालवले, तर काचेवर चार इंचांचा ओरखडा. बेचाळीस अंशांच्या उन्हात मी डिंक खरवडत होतो आणि नखांत तो चिकट काळपट मळ भरत होता. आता काचेतून ना धड आतले दिसते ना बाहेरचे. स्वतःची किळस येण्याचा प्रसंग माझ्यावर फारसा आलेला नाही.

२४ मे, शनिवार

मुक्ता आली. आईशी आत दार लावून बोलली. बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“बाबा, आईला धूप नाही लागत. तिला लोक लागतात. एवढं पण समजत नाही तुम्हाला?”

“धूप नव्हे. ऊन.”

“हेच! हेच करता तुम्ही!” ती रडायलाच लागली. “चौकात गाडी थांबली की माणसं वाकून बघतात तिला. पोरं बोट दाखवतात. त्या पान थुंकणाऱ्यानं काय केलं, सांगितलं तिनं मला. आणि तुम्ही काय लावलंत? बघायला सोपं जाईल अशी काच!”

“कायद्याने—”

“कायदा मला पण माहितीये. तिनं बोलणं का सोडलं, ते माहितीये?”

मी म्हणालो, सरावाच्या अभावी. मुक्ता वळली. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागली. घासण्यापेक्षा आपटलीच जास्त.

ती गेल्यावर मी त्या मोटारसायकलवाल्याचा चेहरा पुन्हा आठवून पाहिला. अनेकदा पाहिला. ती लाज नव्हती. माझ्या चेहऱ्यावर त्याच्या पिचकारीकडे पाहताना जे होते, तेच त्याच्या चेहऱ्यावर होते.

२६ मे, सोमवार

मुक्ताने रजा घेतली, आईशेजारी बसली, दोघींनी मिळून एक चादर वर धरली, आणि आठवा किरणोपचार झाला. परत येताना मुक्ता म्हणाली, “बाबा, मलदहिया. आत्ता.” मी नाही म्हणालो नाही.

लल्लनने आधी माझे काम पाहिले. चारही काचांवरून बोट फिरवत एक प्रदक्षिणा घातली.

“ई के कइलस?”

मी म्हणालो, मी.

“आप?” त्याने हात जोडले. “गुरुजी, हम कभी संस्कृत पढ़ाने बइठे हैं?”

मुक्ता हसली. मला राग आला.

मग त्याने चादरीमागच्या व्यक्तीकडे पाहण्यासाठी मान आत घातली. मी डोळे मिटून घेतले. तो चेहरा पुन्हा पाहायचा नव्हता. उघडले तेव्हा लल्लन दुकानाच्या कडेला उभा होता. त्याने तोंडातला विडा त्या डब्यात टाकला, नळावर दोनदा चूळ भरली, गमछ्याने तोंड पुसले आणि परत येऊन मोटारीच्या दारापाशी उकिडवा बसला.

“अम्मा, केतना सिकाई भइल?”

शरदिनीने चादर खाली केली. “आठ,” ती म्हणाली.

“हमार मुँह देखा।” त्याने तोंड उघडले, म्हणजे उघडण्याचा प्रयत्न केला. दोन बोटे आडवी शिरतील एवढीही जागा नव्हती. “एतने खुलत हौ। डॉक्टर बोललस, अब तोहार नंबर हौ। छोड़ले ना छूटत।”

“छोड़ो,” शरदिनी म्हणाली. आणि मग ती बोलू लागली. तोंड कसे आतून पोळते, काय गिळता येते, तिखटाचा वाससुद्धा कसा सहन होत नाही, रात्री कोणत्या कुशीवर झोपावे लागते. सलग, हिंदीत, दहा मिनिटे. अर्धी व्यंजने तिच्या तोंडातून निघत नव्हती. लल्लनने एकदाही ‘काय?’ म्हणून विचारले नाही. एके ठिकाणी त्याने काहीतरी थट्टा केली आणि ती हसली, वाकड्या तोंडाने, उघड्या तोंडाने. लाळ ओघळली, ती तिने मनगटाने पुसली आणि पुढे बोलत राहिली.

यातले बरेचसे मला नवीन होते. शस्त्रक्रियेनंतरचे दोन महिने मी तिच्याबरोबर याच घरात आहे. परक्या माणसासमोर, तेही उकिरड्यासारख्या दुकानात, तिने हे सांगावे, याचा मला फार संताप आला. हा संताप लल्लनवर होता की कोणावर, हे ठरवता आले नाही.

लल्लन उठला. “गुरुजी, करिया लगाएँगे त चालान होई। पहिले बता देत हईं।”

मी म्हणालो, “लगाइए।”

छत्तीस वर्षे वाहन चालवतो आहे. एकदाही नियम मोडलेला नाही.

त्याने माझा डिंक कसल्याशा द्रवाने पाच मिनिटांत उतरवला. तो फिल्मचे टोक पुन्हा दातांनीच सोडवणार होता. माझ्याकडे पाहिले आणि चिकटपट्टीचे दोन तुकडे दोन बाजूंना लावून अलगद सोडवले. एकही फुगा नाही. ओरखडासुद्धा दिसेनासा झाला. इतके निर्दोष काम मी या शहरात क्वचित पाहिले आहे, आणि ते या माणसाने केले, हे मान्य करणे मला जड जाते. “तीन दिन शीशा मत उतारिएगा,” एवढे सांगून त्याने ओले हात गमछ्याला पुसले आणि नवा विडा तोंडात टाकला. मुक्ताने पैसे दिले.

२७ मे, मंगळवार. वैशाख अमावास्या.

आज आम्ही दोघेच. शरदिनी मोटारीत बसली, दार लावले, आतून डावीउजवीकडे पाहिले, आणि पदर डोक्यावरूनच काढून टाकला. मी पुढे पाहून चालवत होतो. मागे ती काहीतरी गुणगुणत असावी, किंवा यंत्राचा आवाज असेल.

रथयात्रा नावाच्या चौकात वाहतूक शिपायाने थांबवले. पोरगेलासा होता, नम्र होता.

“बाबूजी, ब्लैक फिल्म मना है। शीशा नीचे कीजिए पीछे वाला।”

मी माझ्या बाजूने उतरलो आणि मागच्या दारासमोर उभा राहिलो. “मैं दोषी हूँ। दंड लिख दीजिए। शीशा नीचे नहीं होगा।”

“क्यों नहीं होगा?”

“गोंद गीला है।”

तो माझ्याकडे पाहू लागला. मागे वाहनांचे भोंगे सुरू झाले. “अंदर कौन है?”

“मेरी पत्नी। अस्पताल जा रही हैं।”

“तो देख लेने दीजिए, दो सेकंड।”

“नहीं।”

आयुष्यात कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याला मी ‘नाही’ म्हटलेले नाही. त्याने बाजूने वाकून काचेला डोळा लावला; काही दिसले नाही. शेवटी यंत्रावर दंड नोंदवला, पावती फोनवर येईल म्हणाला, आणि शनिवारपर्यंत फिल्म उतरवा असे सांगून वाट मोकळी केली.

मोटारीत बसलो. घामाने भिजलो होतो. पण, लिहायला हरकत नाही, एखादी परीक्षा उत्तीर्ण झाल्यासारखे वाटत होते. मागे वळून तिला म्हणालो, “कोणी पाहिले नाही तुला. कोणीही नाही.”

मी वळलो त्या क्षणी तिने पदर ओढून तोंड झाकले.

काचा काळ्या होत्या. रस्त्यावरून कोणाला आतले काही दिसत नव्हते, हे शिपायाने नुकतेच सिद्ध केले होते. आत आम्ही दोघेच होतो. तिने कोणापासून तोंड झाकले, हे सांगायला तर्कशास्त्र लागत नाही.

रुग्णालय येईपर्यंत मी मागे पाहिले नाही. नववा झाला.

२८ मे, बुधवार. ज्येष्ठ शुद्ध द्वितीया.

आता दोन्ही पंचांगांत ज्येष्ठ आहे.

सकाळी तिला सांगितले की शनिवारी फिल्म उतरवावी लागेल. तोवर मी काही उपाय शोधतो, लल्लनला विचारतो. ती म्हणाली, “काढा. काचेचं काही नाही.” एवढेच म्हणाली आणि चपला घातल्या.

दहावा झाला. उपचारानंतर तिचा घसा फार पोळतो. घरी जाईपर्यंत दम निघत नाही, म्हणून ती थर्मासमध्ये थंड दूध भरून घेते. इतके दिवस आम्ही रुग्णालयाच्या आवारातल्या निंबाखाली मोटार उभी केली की मी खाली उतरतो, चाकांतली हवा पाहतो, पाणी पाहतो, आणि दहा मिनिटांनी परत येतो. ही माझी वाहनविषयक दक्षता आहे असे मी समजत होतो. आज लक्षात आले की थर्मास मांडीवर घेऊन ती माझ्या उतरण्याची वाट पाहत असते.

उतरलो. चाकांकडे गेलो नाही. पलीकडचे मागचे दार उघडले आणि तिच्या शेजारी बसलो.

“नको,” ती म्हणाली.

मी दार लावून घेतले. मला बोलायला पुष्कळ येते; त्यातले काहीच तिथे चालण्यासारखे नव्हते.

तिने पेला भरला आणि हातात धरून ठेवला. मग तहानेपुढे इलाज चालला नाही. मान उजवीकडे कलती करून ती पिऊ लागली. प्यायलेल्यातले निम्मे डाव्या कोपऱ्यातून बाहेर आले, दूध आणि लाळ आणि जखमेचे काहीतरी तांबूस पाणी. हनुवटीवरून साडीवर पडणार, तेवढ्यात मी हात खाली धरला. ते कोमट होते. त्याला वास होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि ते माझ्या चेहऱ्यावर उमटले असणार. चेहऱ्यावर माझा कधीच ताबा नव्हता. तिने ते पाहिले. मीही तिच्याकडेच पाहत होतो.

किळस आली. हात काढला नाही.

तळहात भरला तसा मी दार किलकिले करून तो बाहेर रिता केला, धोतराला हात पुसला आणि पुन्हा हनुवटीखाली धरला. तिने थर्मासमधून पेला आणखी एकदा भरला.